‘फोडणे’ : एका क्रियापदाची कुळकथा

यंदाच्या स्मरणिकेसाठी संस्थेची जुनी इतिवृत्ते वाचून काही लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली. त्याप्रमाणे कार्यालयातील कपाटातून वह्या बाहेर काढल्या. बहुतेक पाने अशा वह्यांत असावयाची तशीच निघाली : वर्गणीचे आकडे, विद्यार्थ्यांना दिलेली पारितोषिके, दुखवट्याचे ठराव. मात्र दोन पिढ्यांपूर्वीच्या एका सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताशी आम्ही थबकलो. तेथे एकच ओळ आहे : काही मंडळींनी सभा फोडली व ती निघून गेली. त्या मंडळींनी पुढे आपली वेगळी सभा स्थापन केली, ती आजही चालू आहे, आणि आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांचे एकमेकांकडे जाणे-येणे त्या दिवसापासून खुंटले, हे वडीलधाऱ्या वाचकांस सांगावयास नको. दोन्ही सभांची संयुक्त बैठक घ्यावी काय, हा विषय यंदा कार्यकारिणीपुढे आहे. अशा वेळी ‘फोडली’ या शब्दाचा नेमका अर्थ काय, तो कोणी कोणास लावावा, आणि पूर्वीच्या लोकांनी त्याचा विचार कसा केला, हे पाहणे अगदीच अप्रस्तुत होणार नाही असे वाटून हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

आपल्या भाषेत समुदाय नाहीसा करण्याची क्रियापदे पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाची छटा निराळी. पोलीस जमाव पांगवतात. पांगलेली माणसे आपापल्या घरी जातात, जमावाचे असे काही मागे उरत नाही. विरोधक सभा उधळतात. उधळलेली सभा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मांडवात पुन्हा भरू शकते. अधिकारी समिती बरखास्त करतो. सन्मानाने संपवावयाचे असेल तर विसर्जन करतात. ‘मोडणे’ म्हणजे गोष्ट मुळातूनच संपणे, जसे ठरलेले लग्न मोडणे. ‘फोडणे’ यांहून वेगळे आहे. फुटल्यावर समुदाय संपत नाही. एकाचे दोन होतात, आणि दोहोंपैकी प्रत्येक आपणच मूळचा पुरा समुदाय आहोत असे म्हणतो. म्हणून या क्रियापदाची जखम लवकर भरून येत नाही.

संस्कृतातील स्फुट् या धातूपासून आलेल्या या शब्दाची दोन रूपे मराठीत आहेत, ‘फुटणे’ आणि ‘फोडणे’. फुटण्यास कर्ता लागत नाही. झाडाला पालवी फुटते, आईला पान्हा फुटतो, मूळ वाटेला फाटा फुटतो. या सर्वांत नाशाचा लवलेशही नाही. फोडण्यास मात्र कर्ता लागतो, आणि तो बहुधा गुन्हेगार असतो : घर फोडणारा, साक्षीदार फोडणारा, गुपित फोडणारा. (‘वाचा फोडणे’ हा एक सन्माननीय अपवाद.) गंमत अशी की, स्वतःच्या पक्षाविषयी बोलताना आपण ‘तट पडले’, ‘दुफळी माजली’, ‘सभा फुटली’ असे म्हणतो, जणू अवर्षण पडावे तसे ते आपोआप झाले, आणि दुसऱ्या पक्षाविषयी बोलताना तीच गोष्ट ‘त्यांनी फोडली’ होते. क्रियापद एकच, परंतु बोलणारा कोठे उभा आहे यावर त्याचे रूप ठरते.

जुन्या वाङ्मयात या अर्थाने येणारा मुख्य धातू भिद् हा होय. त्यापासून ‘भेद’, आणि साम, दान, भेद, दंड या चार उपायांपैकी तिसरा उपाय. भेदाची सर्वांत बोलकी गोष्ट वैशालीच्या वज्जींची आहे. वज्जींचे गणराज्य होते. राजा नाही, संथागारात जमून सर्वांनी मिळून कारभार करावयाचा. मगधाच्या अजातशत्रूला ते जिंकावयाचे होते. दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्तात त्याचा मंत्री वस्सकार बुद्धाकडे जातो, आणि वज्जी वारंवार एकत्र जमतात, एकोप्याने जमतात, एकोप्याने उठतात, तोवर त्यांची हानी होणार नाही, असे बुद्धाचे बोलणे ऐकून परततो. वस्सकाराने त्यातून काढलेला निष्कर्ष अगदी व्यवहारी होता : हे लोक लढाईने हरणार नाहीत, लालूच आणि आपसांतील भेद यांनीच हरतील.

पुढची हकीकत अट्ठकथेत आहे. राजाने वस्सकाराला अपमान करून हाकलून दिल्याचे सोंग केले. वज्जींनी त्याला आश्रय दिला, पदही दिले. तेथे त्याने विष कालविले नाही की लाच वाटली नाही. तो एखाद्या लिच्छवीला बाजूला घेई आणि विचारी, ‘शेत नांगरता ना?’ तो म्हणे, ‘होय, दोन बैल जोडून नांगरतो.’ एवढेच. दुसरा लिच्छवी त्याला विचारी, ‘आचार्य काय म्हणाले?’ तो खरे ते सांगे. दुसऱ्याला ते खरे वाटत नसे. एवढ्यासाठी का कोणी माणसाला बाजूला घेते? तीन वर्षांत कोणाचा कोणावर विश्वास उरला नाही. अजातशत्रू चालून आला तेव्हा सभेची भेरी वाजली, आणि कोणीही आले नाही.  शेजारच्याचे खरे बोलणे खरे न मानणे, येथून सुरुवात होऊन वैशाली पडली.

कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे अकरावे अधिकरण ‘संघवृत्त’ या नावाचे आहे. संघ कसे फोडावेत याचा तो शास्त्रशुद्ध पाठ आहे, आणि त्यात लिच्छवी व वृजी यांची नावेही येतात. गुप्तहेरांनी संघात शिरून परस्परांचे दोष हुडकावे, एकाची निंदा दुसऱ्याच्या कानी घालावी, धाकट्यांना थोरल्यांविरुद्ध उठवावे, इत्यादी. त्यातील एक युक्ती ज्ञातिसंस्थेच्या वाचकांनी मुद्दाम पाहावी अशी आहे. श्रेष्ठ म्हणवणाऱ्यांचे कनिष्ठांशी एका पंक्तीतील जेवण व विवाहसंबंध हेरांनी बंद पाडावे. अथवा उलट, कनिष्ठांना श्रेष्ठांच्या पंक्तीत बसण्यास व सोयरीक करण्यास भरीस घालावे, म्हणजे भांडण आपोआप उभे राहते. पंक्ती आणि सोयरीक! ज्या दोन गोष्टी आपण पोटजातींच्या मर्यादा म्हणून पिढ्यानपिढ्या मोठ्या निष्ठेने पाळल्या, त्या शत्रूचा समुदाय फोडण्याच्या हत्यारांच्या यादीत कौटिल्याने घातल्या आहेत. फरक एवढाच की आपल्याकडे त्यासाठी हेर नेमण्याचा खर्च कोणास करावा लागला नाही.

परंतु भेदाचा खरा कायदेशीर विचार केला तो बौद्ध भिक्षूंनी. राज्यकर्त्यांना दुसऱ्याचा संघ फोडावयाचा होता. भिक्षूंना आपला राखावयाचा होता. संघभेद हे मातृहत्या, पितृहत्या यांच्या ओळीत बसणारे पाप मानले गेले. देवदत्ताची कथा प्रसिद्ध आहे. भिक्षूंनी आजन्म अरण्यातच राहावे, मत्स्यमांस खाऊ नये, असे पाच नियम सर्वांस सक्तीचे करावेत, अशी त्याची मागणी होती. ज्याला पाळावयाचे त्याने पाळावेत, सक्ती नको, असे उत्तर मिळाले. तेव्हा देवदत्ताने शलाका वाटून, म्हणजे आजच्या भाषेत मतदान घेऊन, पाचशे नवे भिक्षू आपल्या बाजूस वळवले आणि तो त्यांना घेऊन गयाशीर्षास गेला.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात या प्रसंगाच्या ओघात उपाली प्रश्न विचारतो, आणि त्याला मिळालेली उत्तरे आजच्या कोणत्याही संस्थेच्या घटनेत शोभतील अशी आहेत. मतभेद आणि भेद यांत तेथे स्पष्ट अंतर केले आहे. पहिल्याचे नाव ‘संघराजी’. राजी म्हणजे रेघ. भांड्याला गेलेला तडा म्हणा. एका बाजूस चार, दुसऱ्या बाजूस चार, आणि हाच धर्म असे जाहीर करून शलाका वाटणारा नववा, इतकी माणसे असल्याखेरीज संघभेद होत नाही. आठ असतील तर तो तडाच. दुसरे असे की संघभेद बाहेरच्याला करताच येत नाही. श्रामणेर, उपासक, इतकेच काय पण भिक्षुणीही त्यासाठी खटपट करू शकेल, प्रत्यक्षात संघ फोडू शकणार नाही. त्याच सीमेत, त्याच संघात बसणारा, बरोबरीचा भिक्षूच तो फोडू शकतो. तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. आपले म्हणणे अधर्म आहे हे ठाऊक असून जो ते धर्म म्हणून सांगतो आणि फूट पाडतो, तो घोर पापाचा धनी. पण ज्याला आपले म्हणणे मनापासून धर्म वाटते, ज्याने आपले मत दडवलेले वा फिरवलेले नाही, त्याच्या माथी ते पाप नाही.

तडा गेला म्हणजे फुटले नव्हे. बाहेरच्याने फोडले असे म्हणता येत नाही. आणि प्रामाणिक विरोधकास फोडणारा म्हणता येत नाही. एवढे सांगून ग्रंथ थांबत नाही. देवदत्त गेल्यावर सारिपुत्त आणि मोग्गल्लान हे दोघे प्रमुख शिष्य स्वतः चालत गयाशीर्षास गेले. देवदत्ताला वाटले, हे आपल्याला मिळावयास आले. पाठ दुखते म्हणून उपदेशाचे काम सारिपुत्तावर सोपवून तो झोपी गेला, आणि तो जागा होईपर्यंत पाचशे भिक्षू माघारी निघाले होते. त्यांना कोणी शासन केल्याची कथा नाही.

राजाचा मार्ग वेगळा. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात अशोकाने संघभेदाविरुद्ध आज्ञा कोरविली. ती सारनाथ, सांची आणि कौशांबीचा म्हणून ओळखला जाणारा, सध्या अलाहाबादच्या किल्ल्यात असलेला स्तंभ, अशा तीन ठिकाणी आढळते. सारनाथच्या लेखात आपले क्रियापद दोनदा, दोन धातूंनी आले आहे : ‘भेतवे’ हे भिद्-पासून, आणि ‘भाखति’ हे भञ्ज्-पासून, असे विद्वान मानतात. संघ कोणीही फोडू नये. भिक्षू असो वा भिक्षुणी, जो फोडील त्याला पांढरी वस्त्रे नेसवून, म्हणजे गृहस्थ करून, आवासाबाहेर ठेवावे, असा आशय आहे. भिक्षुणी संघ फोडू शकत नाही असे विनय सांगतो, आणि राजाज्ञा तिलाही दंडास पात्र ठरवते. आमच्या मते यात आश्चर्य नाही. राजा नऊ माणसे मोजीत बसत नाही. सांचीच्या लेखात मुलांनातवंडांपर्यंत आणि चंद्रसूर्य असेपर्यंत संघ एकसंध राहावा अशी इच्छा आहे; पुढे आपल्याकडील दानलेखांत दिसणारी भाषा ती हीच. सारनाथचा स्तंभ १९०४-०५ च्या उत्खननात सापडला तो तुकड्यांच्या रूपात. त्याच्या माथ्यावरील सिंह २६ जानेवारी १९५० पासून आपले राष्ट्रचिन्ह आहेत. बुंध्यावरील या लेखाच्या आरंभीच्या ओळी तुटल्या आहेत, ‘भेतवे’ मात्र वाचता येते.

अशोकाची शिक्षा आणि आपल्याकडील ‘वाळीत टाकणे’ यांचे नाते वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. तरी एक भेद सांगितला पाहिजे. पांढरी वस्त्रे नेसलेल्याला आवासात जागा नव्हती, पण गावात होती. आपल्या पूर्वीच्या पंचायती विहीर, अग्नी आणि सोयरीक या तिन्ही बंद करीत. महाराष्ट्राने २०१६ साली केलेल्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने, जो २०१७ मध्ये अंमलात आला, हा मार्ग गुन्हा ठरला आहे. तो व्हावयास इतकी वर्षे लागावीत, हे आम्हां ज्ञातिसंस्था चालवणाऱ्यांस भूषणावह नाही.

आता आपल्या घराकडे, मावळात येऊ. १६५९ साली अफझलखान शिवाजीमहाराजांवर निघाला तेव्हा मावळच्या देशमुखांना विजापुराहून आज्ञा सुटल्या. कान्होजी जेधे यांना अली आदिलशहाने १६ जून १६५९ रोजी धाडलेले फर्मान उपलब्ध आहे : खानास मिळा, अन्यथा परिणाम भोगा, असा त्याचा रोख. कान्होजी ते फर्मान आणि आपले पाचही पुत्र घेऊन महाराजांकडे गेले, आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले, असे जेधे करीना सांगतो. उत्रोळीचे खंडोजी खोपडे मात्र खानास मिळाले. धनी एक, भीती एक, लोभही एकच. मग एक फुटला आणि एक फुटला नाही, हे कसे? खोपड्यांच्या घरात देशमुखीवरून खंडोजी व केदारजी यांची भाऊबंदकी आधीच चालली होती. तडा घरात होता. खानाने तो केवळ हुडकला. बाहेरचा संघ फोडू शकत नाही, हा विनयाचा नियम मावळातही खरा ठरला.

मात्र इतिहासलेखकाने येथे प्रामाणिक राहिले पाहिजे. विजापूरच्या दरबारातून पाहणाऱ्याला चित्र नेमके उलटे दिसत होते. आदिलशाहीचा वतनदार कान्होजी, तोच फितूर. आणि फोडणारे शिवाजीराजे. आपण कान्होजींना एकनिष्ठ म्हणतो, कारण आपण ज्या बाजूस उभे आहोत ती बाजू त्यांनी निवडली, आणि ती निवडताना आपले मन दडवले नाही : फर्मान लपविले नाही, मुलांना मागे ठेविले नाही, वतन वाचवून दोन्ही डगरींवर पाय ठेवला नाही. उपालीला मिळालेल्या तिसऱ्या उत्तराची कसोटी त्यांना लावली तर ते उतरतात. खंडोजी उतरत नाहीत. खानाच्या वधानंतर खंडोजी हाती लागले तेव्हा त्यांचे प्राण वाचावेत म्हणून रदबदली करणाऱ्यांत कान्होजीच होते असे सांगतात. प्राण वाचले, एक हात आणि एक पाय गेला.

अर्वाचीन काळातील उदाहरण सुरतेचे. २७ डिसेंबर १९०७ रोजी राष्ट्रसभेच्या मांडवात जोडा फेकला गेला, खुर्च्या चालल्या, सभा उधळली गेली. उधळलेली सभा पुन्हा भरवता आली असती. पण दुसऱ्या दिवशी एका पक्षाने आपली निराळी बैठक बोलावली, आणि राष्ट्रसभा फुटली. सभा कोणी मोडली, याविषयी दोन्ही पक्षांनी आपापली कैफियत प्रसिद्ध केली. त्या वाचल्या तर ‘आम्ही फोडली’ असे एकीतही सापडत नाही. लखनौस १९१६ साली पुन्हा ऐक्य झाले. तोपर्यंत गोखले आणि फिरोजशहा मेहता हे दोघेही १९१५ मध्येच निवर्तले होते. फुटीच्या वेळी समोरासमोर असलेल्यांपैकी सर्वांनाच ऐक्याच्या मांडवात बसता येत नाही.

असो. आता त्या वहीकडे वळतो.

‘फोडली’ ही ओळ असलेल्या सभेआधीच्या तीन सभांची इतिवृत्ते आम्ही काळजीपूर्वक वाचली. तिन्हींत त्याच मंडळींनी विद्यार्थी वसतिगृहाच्या निधीचा हिशेब मागितल्याची नोंद आहे, आणि तिन्हींत ‘पुढील सभेत ठेवण्यात येईल’ असे उत्तर आहे. चौथ्या सभेत ती उठून गेली. वेगळी सभा मात्र त्यांनी लगेच काढली नाही. मधे चार महिने गेले. म्हणजे ती उठून गेली त्या दिवशी, भिक्षूंच्या भाषेत, तडा गेला होता, भेद झाला नव्हता. त्या चार महिन्यांत आपल्या संस्थेतून त्यांच्याकडे कोण गेले, हे आम्ही शोधले. सारिपुत्त गेल्याची नोंद नाही. गेला तो संस्थेचा शिपाई, हातात थकलेल्या वर्गणीची आणि सभासदत्व रद्द केल्याची सूचना घेऊन. त्यानंतर पंक्ती थांबल्या, मग सोयरिकी थांबल्या. बाकीचे काम कौटिल्याने सांगितल्या क्रमाने झाले.

वसतिगृहाच्या हिशेबात काही गैर होते असे आम्ही म्हणत नाही. पुढे सादर झालेला हिशेब आम्ही पाहिला आहे. तो चोख आहे. कदाचित म्हणूनच तो मागणाऱ्यांचा राग आला असावा. प्रामाणिक माणसास हिशेब मागितला की अपमान वाटतो, आणि वज्जींचे घडले तसे एकाचे खरे दुसऱ्याला खरे वाटेनासे होते. हे आम्ही काहीसे आपलेपणाने लिहितो, कारण ते इतिवृत्त ज्या हाताचे आहे ते अक्षर आम्ही लहानपणापासून ओळखतो. ते आमच्या आजोबांचे आहे. ‘सभा फुटली’ असे त्यांना लिहिता आले असते. त्यांनी ‘फोडली’ लिहिले, आणि आम्हीही तोच शब्द ऐकत, तोच बोलत वाढलो.

ती ओळ खोडावी असे सुचविणारे काही स्नेही आम्हांस भेटले. आमचे मत तसे नाही. जुन्या वहीत खाडाखोड करणे हा आणखी एक खोटेपणा होईल. संयुक्त बैठक ठरलीच तर त्या दिवशी वही तशीच उघडून वाचावी, आणि समासात तारीख घालून, दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी, आधीच्या तीन सभांचा उल्लेख जोडावा, इतकेच आम्ही कार्यकारिणीस कळविले आहे. हल्ली अशी प्रकरणे दोन्ही गटांचे परस्परविरोधी बदल अर्ज होऊन धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात वर्षानुवर्षे पडून राहतात. त्या मानाने समासातील चार ओळींस फार खर्च येणार नाही.

त्या मंडळींनी काढलेल्या सभेच्या पहिल्या बैठकीचे इतिवृत्त आम्हांस अद्याप पाहावयास मिळालेले नाही. त्यांनी त्या दिवसाविषयी कोणते क्रियापद लिहिले आहे, हे जाणण्याची आमची फार इच्छा आहे. ज्या घरी ती वही, तिची नक्कल किंवा त्या काळची पत्रे असतील, त्यांनी ती संपादकांकडे पाठवावीत अथवा निरोप धाडावा. आम्ही स्वतः येऊन, तेथेच बसून, वाचून घेऊ.